बस नसलेल्या गावाला जायची तयारी

कंडक्टर बाईला बसायला येत नाही, हे मला तिच्याशी मैत्री होऊन अकरा वर्षं झाल्यावर कळलं. तोपर्यंत मी समजत होते, तिला बसायला आवडत नाही.

आमच्या घरकामगार बायकांच्या संघटनेची एक खोली आहे, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या वर. जिना असा अरुंद की चढणारा आणि उतरणारा यांच्यात आधी वाटाघाटी व्हाव्या लागतात. ड्यूटी संपली की बाई तिथे यायची आणि दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहायची. पाय फाकलेले, गुडघे किंचित वाकलेले, उजवा हात वर. वर धरायला काही नाही, तरी हात वर. मी खुर्ची पुढे सरकवली की म्हणायची, "असू दे गं, पुढच्याच स्टॉपला उतरायचंय." आणि मग तासभर गप्पा मारायची, सगळ्या उभ्याने.

सत्तावीस वर्षं ती गाडीत अशी उभी आहे. डेपोत तिचं नाव डबलबेल. ज्यांनी आयुष्यभर फक्त खिडकीबाहेर बघत प्रवास केला त्यांच्यासाठी सांगते: प्रवाशांच्या डोक्यावरून एक दोरी ड्रायव्हरपर्यंत जाते. कंडक्टरने ती एकदा ओढली की एक टोला, म्हणजे थांब. दोनदा ओढली की दोन टोले, म्हणजे निघ. बाकीचे कंडक्टर दोरी ओढतात, ही दोरीला दटावते. तिच्याबरोबर काम केलेले ड्रायव्हर सांगतात, "बाईंची डबल बेल ऐकली की पाय आपोआप ब्रेकवरून उठतो. घरी टीव्हीत घंटा वाजली तरी उठतो."

आमची ओळखही गाडीतच झाली, भांडणातून. माझ्या सगळ्या चांगल्या ओळखी भांडणातूनच झाल्यात. मी पायरीवर उभी राहून गाड्या वेळेवर का येत नाहीत यावर बोलत होते, अगदी रंगात आले होते, तर ही वरून म्हणाली, "ताई, भाषण करायचं असेल तर खाली, तिकीट काढायचं असेल तर वर. पायरी दोन्हीसाठी नाही." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चार स्टॉप मी तिच्याशी कचाकचा भांडले आणि पाचव्याला लक्षात आलं की माझा स्टॉप मागेच राहिला. तिनेच मग मला उलट्या गाडीत चढवून दिलं आणि तिथल्या कंडक्टरला वर बजावलं, "जपून ने रे, हिला तोंड आहे." तेव्हापासून आमचं अगं-तुगं.

अशा बाईच्या डोक्यात परदेशी जायचं कुठून आलं? तर तेही गाडीतूनच.

तिच्या सकाळच्या फेरीत रोज एक नर्सिंग शिकणारी मुलगी असायची, पूर्व आफ्रिकेतली. बाई तिला पहिल्या दिवसापासून सिस्टर म्हणायची, परीक्षेआधीच बढती. सिस्टर मराठी शिकली ती दोनच ठिकाणी, वॉर्डात आणि गाडीत. त्यामुळे तिला मराठीचे दोनच सूर यायचे. एक, "आता बरं वाटतंय का?" आणि दुसरा, "पुढे सरका, पुढे मोकळं आहे."

एकदा गाडी भर रस्त्यात बंद पडली. बाकीचे उतरून गेले, सिस्टर थांबली. बाईने सहज विचारलं, "तुमच्याकडे बस कशी गं? वेळेवर येते?"

"आमच्या बेटावर बस नाही."

"नाही म्हणजे? संप?"

"नाही हो. रस्ताच नाही. गल्ल्या आहेत. गाढवं आहेत. लांब जायचं तर बोट."

"आणि घाई असली तर?"

सिस्टरने जरा विचार केला. "तर गाढवाला सांगायचं. ते ऐकत नाही."

जगात एक गाव असं आहे जिथे सासू नावाचा प्रकारच नाही, हे नव्या सुनेला कळावं, तसा बाईचा चेहरा झाला होता म्हणे. मला सांगतानाही तसाच होता. "अगं, बसच नाही," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "म्हणजे तिथे मला कुणीच विचारणार नाही, बाई, ही कुठे जाते?"

त्या बेटाचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहिलं की पुढच्या महिन्यात 'सात दिवस, नऊ ठिकाणं'वाले तिथे पोचलेच म्हणून समजा. त्या लोकांवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ पाच देश बघून आले. काय बघितलं विचारलं तर प्रामाणिकपणे म्हणाले, "गाईडची छत्री."

सिस्टरची आजी त्या बेटावर राहते. शहाऐंशी वर्षांची. गच्चीवर एक खोली आहे, ती पाहुण्यांना देते, पण अट आहे: बारा दिवसांपेक्षा कमी राहणाऱ्याला खोली नाही. सिस्टर सांगायची, "आजी म्हणते, पहिले चार दिवस माणूस आपल्याच गावात असतो. मधले चार दिवस फोटो काढतो. मग येतो."

बाईला ही अट फारच आवडली. म्हणाली, "बारा नाही, मी अठरा दिवस राहणार." जायला-यायला सहा. एकूण चोवीस.

आणि मग तिने बेत आखायला घेतला. डेपोतले जुने, मागून कोरे राहिलेले फेऱ्यांचे तक्ते तिने जमवले होते, त्यावर. कंडक्टरच तो, प्रवास म्हटलं की टप्पे पाडणारच. तो कागद मी बघितलाय, आठवतोय तसा देते:

'दिवस पहिला, पोचणे. आजींना शिकामो म्हणणे (मोठ्यांना असंच म्हणतात). दिवस दुसरा, गच्चीवर बसणे. दिवस तिसरा, धक्क्यावर जाऊन बोटी बघणे. बोटीत बसायचं नाही. दिवस चौथा, बोटीत बसणे. दिवस पाचवा, काही नाही. दिवस सहावा, पाचव्याप्रमाणे. दिवस सातवा, एक गल्ली. एकच. गाढव आलं तर आपण भिंतीला लागायचं, वाद घालायचा नाही.'

पुढे असंच अठरापर्यंत. खाली एक ओळ रेघ मारून: 'विचारल्याशिवाय कुणाचा फोटो काढायचा नाही. आपला कुणी गाडीत काढला तर कसं वाटतं आठवावं.'

घरी तिने हा कागद जेवायच्या वेळी मांडला. तिचा मुलगा कुरिअर कंपनीत, त्याला 'उशीर' या शब्दाचंच वावडं. त्याने कागद वाचला आणि खिशातून एक रंगीत पत्रक काढलं.

"आई, हे बघ. सात दिवस, नऊ ठिकाणं. सिंह दिसायची हमी."

"सिंहाला विचारलंय का त्यांनी?"

"अगं पण तू आफ्रिकेत जाऊन अठरा दिवस गच्चीवर बसणार? लोकांना काय सांगायचं?"

"सांग, आई गच्चीवर बसायला गेलीय. आणि मला सिंहाने बोलावलेलं नाही. आजींनी बोलावलंय."

नवरा शिंपी. घरातच बाहेरच्या खोलीत मशीन. माणूस मोजकं बोलतो, कापडासारखंच, वाया घालवत नाही. "मला बोट लागते," तो म्हणाला. "तू जाऊन ये. मी मशीनवर आहे." आणि दुसऱ्या दिवशी तो तिच्यासाठी पिशवी बेतायला बसला. बाईच्या डाव्या खांद्यावर चामडी बॅगेच्या पट्ट्याची खाच पडलीय, बोट ठेवलं तर बसेल एवढी. त्याने पिशवीला पट्टाच ठेवला नाही. नुसती हातात धरायची मूठ. "त्या खांद्याला चोवीस दिवस सुट्टी," म्हणाला. सत्तावीस वर्षांच्या संसारात त्याने केलेलं हे सगळ्यात लांब भाषण, असं बाईचं म्हणणं.

इथे बाईने घोडचूक केली, आणि ती फक्त कंडक्टरच करू शकते. तिने आधी तिकीट काढलं. सत्तावीस वर्षं लोकांना ओरडून सांगितलं, आधी तिकीट, मग बाकीचं. तेच स्वतः केलं. सिस्टरची परीक्षा संपली होती, चौदा तारखेला ती कायमची घरी चालली होती. तिच्या शेजारची विमानातली जागा बाईने धरली. आणि मग रजेचा अर्ज दिला.

उत्तर आलं, सात दिवस. सुट्ट्यांचा हंगाम, गाड्यांना गर्दी. वरून आदेश होता की कुणी मागितली तरी सात दिवसांवर रजा द्यायची नाही. बाईच्या खात्यात दोनशेवर दिवस पडून होते. न घेतलेली रजा म्हणजे न पाठवलेलं पत्र, कुणाच्या कामाची?

"दोन वर्षांनी रिटायर होशील, तेव्हा जा," मी म्हणून बघितलं.

"दोन वर्षांनी आजी अठ्ठ्याऐंशीच्या होतील," ती चौकटीला टेकून म्हणाली. "आणि मला नेणार कोण? मला इंग्रजी येतं ते तिकिटावर छापलेलं. आता सिस्टर आहे. ही गाडी गेली की पुढची नाही, एवढं मला कळतं गं. धंदाच तो माझा."

मी म्हटलं, "मोर्चा काढू."

ती म्हणाली, "तू गप बस. आधी मला दुसरा घोर आहे."

दुसरा घोर सिस्टरने लावला होता. एक दिवस तिने बाईला नीट न्याहाळलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही घरी कशा बसता?" बाईने आठवून पाहिलं. स्वयंपाक उभ्याने. चहा उभ्याने. जेवताना बसते, पण चार घास झाले की कुणाला तरी काहीतरी वाढायला उठते. सिस्टर म्हणाली, "आजी विचारेल, ही पाहुणी माझ्या भिंतीला का टेकली आहे? घर पडतंय का?"

म्हणून मग बाईने सराव करायचं ठरवलं. दर गुरुवारी तिची साप्ताहिक सुट्टी. त्या दिवशी साध्या कपड्यात, आपल्याच मार्गावर, खिडकीची जागा धरायची आणि पहिल्या स्टॉपपासून शेवटच्यापर्यंत नुसतं बसायचं. बाहेर बघायचं. सोबतीला मी.

पहिल्या गुरुवारी तिसऱ्या स्टॉपला एक म्हातारी चढली. बाई ताडकन उठली, तिला जागा दिली आणि मग शेवटपर्यंत उभीच. सीट रिकामी झाली तरी उभी. मी खुणावलं तर म्हणाली, "आता काय, आलंच की." अजून अकरा स्टॉप होते.

दुसऱ्या गुरुवारी ती बसून राहिली, पण बाहेर एकदाही बघितलं नाही. उतरल्यावर मी विचारलं, काय काय दिसलं? म्हणाली, "मागच्या दारातून चढलेल्या दोघांनी तिकीट काढलं नाही. आणि चौथ्या सीटचा बोल्ट सैल आहे."

तिसऱ्या गुरुवारी तिने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. गाडी निघाली. आणि खरंच सांगते, सहाव्या स्टॉपच्या सुमाराला तिने बाहेर बघितलं. "अगं," मला कोपराने ढोसत म्हणाली, "ती बघ, त्या दवाखान्याच्या वर कुणीतरी बाग केलीय. कधीपासून?" सत्तावीस वर्षं तिथून जाते आहे. मी म्हटलं, झाली, बाई झाली तयार. दृष्ट लागावी तसं झालं.

त्या गाडीवर कंडक्टर होता घड्याळ. घड्याळ म्हणजे डेपोतला सगळ्यात ताठ माणूस. नोकरीत एक मिनिट उशीर नाही, गणवेशाला एक सुरकुती नाही, आणि दुसऱ्याच्या मनगटाकडे बघून "तुमचं दोन मिनिटं मागे आहे" म्हणायची सवय. सातव्या स्टॉपला एका आजीबाईंना शिलाई मशीन उतरवायचं होतं. घड्याळने मशीन उचललं, मागच्या दाराने खाली उतरला, फुटपाथवर ठेवायला सुरक्षित जागा शोधू लागला. इकडे पुढून शेवटचा प्रवासी चढला. बाई खिडकीबाहेर बघत होती. शांत. प्रसन्न. आणि तिचा उजवा हात मांडीखालून निघाला, वर गेला, आणि टिंग टिंग.

ड्रायव्हरचा पाय आपोआप उठला.

सांगायला लाज वाटते, पण दोन स्टॉप कुणाला काही कळलं नाही. कारण बाईच उठून "चला, पुढे मोकळं आहे" करत होती आणि लोक निमूट सरकत होते. मीसुद्धा सरकले. तिसऱ्या स्टॉपला एक रिक्षा गाडीला आडवी आली आणि आतून घड्याळ उतरला. कवेत शिलाई मशीन. आजीबाई आतच बसलेल्या, त्यांना मात्र मजा आली होती.

सगळी गाडी हसली. तिथेच घोडं पेंड खातं. चूक माणूस माफ करेल, हसं माफ करत नाही. संध्याकाळपर्यंत डेपोत लेखी तक्रार गेली होती.

मी तडक घड्याळच्या घरी गेले. म्हटलं, "तक्रार मागे घ्या."

"नाही."

"तिची सत्तावीस वर्षांची नोकरी स्वच्छ आहे."

"माझी एकोणतीस."

"तुम्ही गाडी सोडून खाली का उतरलात? नियमात बसतं का? मी काढू का हे बाहेर?"

तो उठला, भिंतीवरचं घड्याळ बघितलं, म्हणाला, "ताई, तुम्ही आत आल्याला सहा मिनिटं झाली. पाणी घेणार की निघणार?"

मी निघाले. वाटेत बाईला म्हटलं, याला सोडायचा नाही, आपण उलट तक्रार करू. तर ती माझ्यावरच उखडली. "तो म्हातारीचं मशीन उतरवत होता. चांगलं काम करणाऱ्या माणसाला अडकवून मी गच्चीवर बसायला जाऊ? मला तिथे बसवेल?" ती बरोबर असली की मला जास्तच राग येतो.

चौकशी सोमवारी झाली, डेपो मॅनेजरच्या खोलीत. बाहेरच्या माणसाला आत प्रवेश नाही, म्हणून मी खिडकीशी, जुन्या टायरांच्या थप्पीवर. खिडकीची एक काच फुटकी आहे. अशा काचा कुठे कुठे आहेत हे कार्यकर्त्याला माहीत असावं लागतं.

मॅनेजर वाईट माणूस नाही. वरच्यांना भिणारा आहे. टेबलावर काच, काचेखाली वेळापत्रकं, आणि त्यावर त्याचे दोन हात, कुठे ठेवावेत न कळल्यासारखे.

"बसा बाई."

"नको साहेब."

"तुम्ही सुट्टीच्या दिवशी त्या गाडीत काय करत होता?"

"बसायला शिकत होते."

मग बाईने सगळं सांगितलं. बेट, आजी, गच्ची, पाचवा दिवस, सहावा दिवस. शेवटी म्हणाली, "चूक माझी. हाताची नाही, माझीच. हात माझाच आहे ना?"

मॅनेजरने घड्याळला विचारलं, "तुमचं काय म्हणणं?"

"तक्रार आहे तशीच आहे, साहेब. मागे घेणार नाही." आणि जरा थांबून, "पण एक सांगतो. माझी गाडी नेली, तरी वेळेत नेली. तिन्ही स्टॉपच्या वेळा मी रिक्षातून घड्याळात बघितल्या."

"बाई, तुम्हाला कधीपासून जायचं होतं?" मॅनेजरने विचारलं.

"चौदापासून."

"हं," मॅनेजर म्हणाला आणि लिहू लागला. लिहिता लिहिता वाचत होता, पण पुटपुटत. मला एवढंच ऐकू आलं: "...सक्तीच्या रजेवर पाठवण्यात येत आहे."

सक्तीची रजा! म्हणजे शिक्षा म्हणून माणसाला त्याच्याच रजेवर घरी बसवायचं. या दोन शब्दांविरुद्ध मी आजवर किती वेळा रस्त्यावर उतरलेय, मोजलेलं नाही. माझं डोकं सटकलं. पुढचं ऐकायला मी थांबले नाही. टायरांवरून उडी मारली, संघटनेची खोली गाठली, फोन लावले. दुपारची वेळ, सकाळची घरं झालेली आणि संध्याकाळची व्हायची असलेली. तासाभरात आमच्या पस्तीस जणी डेपोच्या फाटकाशी. जुन्या फलकांवर नवे कागद चिकटवले. 'सक्तीची रजा रद्द करा!' आमच्या बायकांचा आवाज असा आहे की वर्कशॉपमधले हातोडे थांबले.

मॅनेजर धावत बाहेर आला. घामाघूम. हातात तो आदेश आणि पेन. "ताई, शांत व्हा. करतो रद्द. आत्ता करतो. तुमच्यासमोर करतो."

"करा!" मी म्हटलं. छाती अशी फुगली होती.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या दंडाला धरून मला गर्रकन फिरवलं. बाई. गणवेशात, गळ्यात तिकिटाचं मशीन, फेरीवर निघालेली गाडी अर्धी फाटकाबाहेर सोडून आलेली.

"अगं बये! तारखा वाचल्यास का?"

"कसल्या तारखा?"

तिने मॅनेजरच्या हातातला कागद ओढून माझ्या नाकासमोर धरला. चौदा तारखेपासून पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत. मी बोटांवर मोजलं. चोवीस दिवस. मागितलेली रजा सात दिवसांवर द्यायची नाही असा वरून आदेश होता. शिक्षा म्हणून लादलेल्या रजेबद्दल वरच्यांनी काहीच म्हटलं नव्हतं.

तिथे भिंतीशी घड्याळ उभा होता. माझ्याकडे बघत होता, गिऱ्हाईक चुकीच्या गाडीत चढलं की बघतात तसा. "तक्रार मागे घेतली असती," तो म्हणाला, "तर साहेबांनी सक्ती कशावर केली असती?"

मी मानी बाई आहे. आयुष्यात काढलेला मोर्चा मागे घेतला नव्हता. पण पस्तीस जणींना घसा गरम करून परत पाठवणं हेही बरं नाही, त्यांनी दुपारची झोप मोडली होती. मी वळले, हात वर केला आणि घोषणा दिली, "सक्तीची रजा!"

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. पुढच्या रांगेतली एक म्हणाली, "ताई, झालीच पाहिजे का नाही पाहिजे?"

"झालीच पाहिजे!"

आणि पस्तीस जणींनी ती दिली, दणकून. कामगारांच्या इतिहासात ही मागणी कुणी केली असेल असं मला वाटत नाही. मॅनेजरने पेन खिशात ठेवलं.

पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं. तो बाईला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, "बाई, एक आहे. हे तुमच्या सर्व्हिस बुकात जाईल. लाल शाईने. तुमच्या पुस्तकात सत्तावीस वर्षांत एकही लाल ओळ नाही, आख्ख्या डेपोत एकच पुस्तक आहे तसं. तुम्ही सही केलीत तरच हे लागू होईल. नाहीतर ताकीद देऊन सोडतो, आणि सात दिवस जाऊन या."

बाईने हातातला कागद खाली घेतला. मला माहीत होतं का ते. तिच्या घरी भिंतीवर देखावे नाहीत, फोटो नाहीत. दरवर्षी डेपोतून मिळणारी 'निष्कलंक सेवा' लिहिलेली प्रमाणपत्रं आहेत, नवऱ्याने कापडी किनार लावलेली. पाहुणे आले की तो बोलत नाही, नुसतं तिकडे बोट दाखवतो.

"ओळ काय लिहिणार?" तिने विचारलं.

"'सुट्टीवर असताना, अधिकार नसताना, घंटा वाजवून गाडी सोडली.'"

ती जरा वेळ फाटकातल्या आपल्या गाडीकडे बघत राहिली. आतले प्रवासी खिडकीतून माना काढून आम्हाला बघत होते. एकाने ओरडून विचारलंही, "बाई, ही जाणार आहे की नाही?"

"थांबा हो!" बाई म्हणाली. सत्तावीस वर्षांत प्रवाशाला हे तिने पहिल्यांदा म्हटलं असेल. मग मॅनेजरकडे वळली. "खोटं असतं तर भांडले असते. खरं आहे. लिहा."

आणि मॅनेजरच्या खोलीत जाऊन, टेबलासमोरची खुर्ची ओढून, तीत बसून तिने सही केली. पूर्ण बसून, पाठ टेकून. सही झाल्यावरही उठायची घाई केली नाही. मी पुन्हा टायरांवरून बघत होते. मॅनेजरने शेवटी विचारलं, "बाई, बरं वाटत नाहीये का?" तर म्हणाली, "वाटतंय हो. म्हणूनच."

चौदाला सकाळी ती निघाली. विमानतळाची गाडी आमच्या चौकातून, त्या दवाखान्यावरूनच जाते. बाई, सिस्टर, सिस्टरच्या दोन बॅगा, बाईची बिनपट्ट्याची पिशवी. मुलगा बॅगा चढवून सारखा मोबाईलमध्ये बघत होता, आई पोचायला किती मिनिटं लागतील ते. नवरा नुसता उभा होता. शेवटी पिशवीची मूठ दोनदा ओढून बघितली, टाका पक्का आहे ना, आणि मागे सरकला. मी विमानतळापर्यंत जाणार होते. वाटेत कुणाशी भांडायची वेळ आली तर असावं कुणीतरी.

गाडीवर कंडक्टर घड्याळ. ड्यूटी बदलून घेतली होती, पण ते त्याने कबूल केलं नाही. "आज हाच मार्ग आला," म्हणाला. बाईने रीतसर तिकीट मागितलं, त्याने रीतसर दिलं. मग दोरीजवळ उभा राहिला आणि तिच्याकडे बघून म्हणाला, "देता का? एकदा. आज मी आत आहे."

सिस्टर हसली. बाईने वर दोरीकडे बघितलं. हात मांडीवर होते, मांडीखाली नव्हते. तिथेच राहिले.

"तुमचं काम तुम्ही करा," ती म्हणाली. "मी रजेवर आहे."

टिंग टिंग झालं. गाडी निघाली. मी तिला दवाखान्यावरची ती बाग दाखवायला वळले, तर बाईची मान खिडकीला टेकलेली, तोंड किंचित उघडं. तिसऱ्या स्टॉपच्या आतच तिला झोप लागली होती. घड्याळ मधल्या वाटेने आला, तिच्याकडे बघितलं, मग गाडीभर नजर फिरवली आणि सगळ्यांना हळू आवाजात म्हणाला, "पुढे सरका. हळू सरका."